पलीकडून आवळलेले नट

१

उघडा कॉम्प्युटर भिंतीवर लावावा की लावू नये, हे मला लोक फोन करून विचारतात. त्यांनी कुठेतरी माझ्या कामाच्या खोलीचा फोटो पाहिलेला असतो. फोटोत माझ्या मागे काळ्या प्लायवूडची फळी असते आणि तिच्यावर मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, पंखे, वायरी असा सगळा संसार झाकणाशिवाय मांडलेला असतो. मी आर्किटेक्ट लोकांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देते. घर कागदावर असतानाच त्याच्या ओट्यावर ऊन कसं पडेल ते दाखवायचं, हा माझा धंदा. त्याला दणकट मशीन लागतं आणि ते तापतंही तसंच.

तर फायदे आधी. मशीनला हवा मिळते. टेबल मोकळं राहतं. धूळ कुठे बसली ते दिसतं, दिसलं की ब्रशने झटकता येतं. आणि आमच्या मिऱ्याच्या वाटेवरच्या, समुद्राकाठच्या घरात सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते जमिनीपासून वर राहतं. माझा आधीचा कॅबिनेट टेबलाखाली होता. खालून लादीची ओल आणि आतून मुंग्या. उघडला तेव्हा पॉवर सप्लायमध्ये त्यांनी अंडी-पिल्लांसकट बिऱ्हाड थाटलं होतं. तो जळाला, आणि त्याच्याबरोबर एका आर्किटेक्टचं सबंध काम गेलं.

तोटे: खारा वारा. पाली. कुंभारीण माशी, जी बोटभर भोक दिसलं की मातीचं घर बांधायला घेते. पंख्यांचा आवाज थेट कानावर येतो. आणि चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत. लोकांना मी इथपर्यंत सांगते. पुढचं कुणाला सांगत नाही.

२

आमचं घर एकच होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलेलं साधं स्लॅबचं घर. मी नवऱ्याला सोडून परत आले तेव्हा अण्णांनी अर्धं घर माझ्या नावावर केलं. सर्वेशदादाला, माझ्या थोरल्या भावाला, ते झोंबलं. त्याने मधल्या हॉलमध्ये चिऱ्याची भिंत घातली. भिंत सामाईक, अर्धी त्याची, अर्धी माझी. अलीकडे माझी कामाची खोली झाली, पलीकडे अण्णांची झोपायची.

अण्णा माझ्याकडे का नाही राहिले, हे इथल्या कुणाला विचारावं लागणार नाही. मुलगा असताना लेकीच्या घरात कसं राहायचं? एक भिंत ओलांडायची होती फक्त. पण लोक काय म्हणतील, म्हणून ते माझ्या हातचं जेवायचे आणि निजायला पलीकडे जायचे.

फळी लावायला गावातला सुतार महिपत आला तेव्हा अण्णांना जाऊन बरेच महिने झाले होते आणि पलीकडच्या भागाला कुलूप होतं. दादा मुंबईला राहायला गेला होता. किल्ली मात्र माझ्याकडेच, कारण भांडण कितीही असलं तरी वाळवी बघायला घरचंच माणूस लागतं.

महिपतने पहिलं भोक पाडलं आणि लाल भुगा माझ्या पायावर सांडला. "ताई, ह्यो चिरा भुसभुशीत हाय. स्क्रूची गुट्टी काय धरायची नाय. येवढा जड फळा, उद्या तुमच्या डोक्यावर येल. आरपार बोल्ट टाकूया, पलीकडनं नट लावतो."

ठरलं तसं. चारही भोकं पाडून झाल्यावर तो किल्ली आणि नट घेऊन वळसा घालून पलीकडे गेला. मी चारही बोल्ट घातले आणि पहिल्याच्या डोक्याला पाना लावून धरला. थोड्या वेळाने बोल्ट हलकेच आत ओढला गेला. मग पलीकडून फिरवल्याचं पान्यात जाणवलं, सावकाश, थांबत थांबत. तो घट्ट झाल्यावर मी दुसऱ्याला पाना लावला. मग तिसऱ्याला. चौथ्याला मी "बास, महिपत, प्लायवूड दबतंय" असं ओरडलेसुद्धा, आणि फिरणं थांबलं.

तेवढ्यात महिपत माझ्याच दारातून आत आला. नट त्याच्या मुठीत होते.

"किल्ली चुकीची दिलात काय ओ? कुलूपच उघडत नाय."

मी त्याच्याबरोबर गेले. कुलूप गंजलेलं होतं, तेल घातल्यावर उघडलं. अण्णांच्या खोलीत बोल्टांची चारही टोकं भिंतीतून बाहेर आलेली होती, उघडी, बिननटांची. महिपतने एक धरून हलवून पाहिलं. हललं नाही.

"चिऱ्यानं धरलान," तो म्हणाला आणि नट चढवू लागला.

मीही तेच म्हटलं. भुसभुशीत चिऱ्याने बोल्ट कसा धरला, हे तेव्हा दोघांनीही विचारलं नाही.

३

अण्णा कसे गेले ते सांगते. हे मी न चिडता सांगू शकत नाही, आणि न चिडता सांगायची माझी इच्छाही नाही.

शेवटच्या वर्षी अण्णांना विसर पडायला लागला होता. एकदा ते चालत पार जेटीपर्यंत गेले. मी म्हटलं, मी बघते त्यांच्याकडे, माझं काम घरातच असतं. दादाने ऐकलं नाही. त्याने अण्णांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

मी एका कामासाठी दापोलीला गेले होते, मुक्कामाला. दादाला सांगून गेले होते. त्याच्या मेव्हण्याची वास्तुशांत होती मुंबईला. तो फोनवर मला म्हणाला, "अण्णांना घेऊन चाललोय, तू काळजी करू नको गो." आणि डबे भरून ठेवून, बाहेरून कडी घालून, बायकोला घेऊन निघून गेला. एका दिवसात परततो असा त्याचा हिशेब असणार. तिकडे राहणं लांबलं.

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी दापोलीहून मिळेल त्या एसटीने आले. अंगणात माणसं जमलेली होती. मी खोलीत गेले आणि सगळ्यात आधी मला रंगाचा वास आला. मयताच्या घरात ओल्या रंगाचा वास. मधल्या भिंतीवर, हाताच्या उंचीवर, एक पट्टा नुकताच रंगवलेला होता.

मग मी अण्णांचे हात पाहिले. बोटांची सालं निघालेली होती. नखांत चिऱ्याचा लाल भुगा होता.

"झोपेतच गेले," दादा लोकांना सांगत होता. "काही त्रास नाही झाला."

मी त्याला तिथेच विचारलं. मोठ्याने विचारलं. आत्या, काका, शेजारची यमुनाबाई, सगळ्यांनी मला गप्प केलं. गेलेलं माणूस परत येणार आहे का, आता कशाला उकरतेस, घरातली गोष्ट घरात राहू दे. हेमावहिनी तेवढी माझ्याकडे बघत नव्हती. राहिली ती गोष्ट घरात.

अण्णा भिंत ठोकत होते कारण भिंतीपलीकडे मी असते, एवढं त्यांच्या ध्यानात होतं. मी दापोलीला आहे हे मात्र ते विसरले होते. दादा विसरलेला नव्हता. मी त्याला माफ केलेलं नाही.

४

मशीन छान चालायला लागलं. सकाळी चहा, मग ब्रशने पंखे झटकायचे, मग काम. दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की खिडकी लावून घ्यायची. जेवणानंतर मी थोडा वेळ मशीन बंद ठेवायची. पंखे थांबले की खोली एकदम रिकामी व्हायची आणि त्या शांततेत काहीतरी उरायचं. घासल्यासारखं. पाल असेल, म्हटलं. फळीच्या मागे गरम जागा आहे, पाल येणारच.

कुंभारणीने खालच्या डाव्या बोल्टाच्या डोक्यावर घर बांधायला घेतलं. अर्धं फळीवर, अर्धं बोल्टावर. मी ते काढलं नाही, सुकू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते चिरलेलं होतं. बोल्टावरचं अर्धं फिरून खाली आलं होतं, फळीवरचं जागच्या जागी.

बोल्ट फिरला होता.

पंख्यांच्या थरथरीने बोल्ट फिरतात, हे मला माहीत आहे. पण थरथरीने ते सैल होतात. हा आवळला गेला होता. चारही डोकी प्लायवूडमध्ये रुतत चालली होती, भोवतीचा काळा रंग फुटून आतलं लाकूड दिसत होतं. मी पाना लावून थोडं उलटं फिरवायला गेले. बोल्ट जाम नव्हता. जाम झालेली वस्तू कशी लागते ते हाताला कळतं. हा धरून ठेवलेला होता. मी जोर केला की पलीकडे जोर यायचा, मी सोडला की तिकडेही सुटायचा.

किल्ली घेऊन मी पलीकडे गेले. भर दुपार होती, बाहेर यमुनाबाई कुणाला तरी हाका मारत होती. अण्णांच्या खोलीच्या जमिनीवर धूळ साचली होती आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. खाट, तिची गुंडाळलेली गादी, खिडकीत रिकामा तांब्या. सगळ्यावर धूळ. नट मात्र चकचकीत होते, रोज हात लागणाऱ्या दाराच्या मुठीसारखे. दादाने रंगवलेला पट्टा सोलून निघाला होता आणि खालचा चिरा ताजा, लालभडक दिसत होता. भिंतीच्या पायाशी भुग्याचा छोटा ढीग होता.

खाऱ्या हवेने रंग निघतो. चिऱ्याचा भुगा पडतच असतो. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. पण भीतीच्या आत कुठेतरी बरंही वाटत होतं, आणि ते जास्त होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "मी आहे आता घरात."

काही झालं नाही. मग म्हटलं, "दादाला बोलावू का?"

चार नटांपैकी एक थोडासा फिरला. पाव वेढाही नसेल. मी नजर न हलवता बघत होते, तरी आज कुणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही. मी खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं. बाहेरची ती कडी मी कधीच घालत नाही.

५

दादाला बोलवायला कारण शोधावं लागलं नाही. त्याला ती बाजू भाड्याने द्यायची होती. खोल्यांचे फोटो पाठव म्हणून तो मागे लागलाच होता. मी पाठवले. स्वयंपाकघर, पडवी, आणि अण्णांच्या खोलीचा एकच, बोल्टांची चार टोकं अगदी मधोमध येतील असा.

लगेच फोन आला.

"हे काय केलंस? माझ्या भिंतीला भोकं पाडायची कुणाची परवानगी घेतलीस?"

"भिंत सामाईक आहे."

"तुझ्या बाजूने काय ते कर. माझ्या खोलीत बोल्ट आलेले मी खपवून घेणार नाही. काढून टाक."

"मला नाही निघत ते," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. "तूच ये आणि काढ."

"येतोच. मी काढल्यावर तुझा तो डबा पडला फुटला तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

त्याला सांगायला हवं होतं, खोलीत जाऊ नकोस. पुढचे दोन-तीन दिवस ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत यायचं. वहिनीचा फोन आला तेव्हाही आलं होतं. मग मला अण्णांची नखं आठवायची आणि मी दुसरंच काहीतरी बोलायची.

६

तो सकाळीच आला, गाडी घेऊन, एकटा. केस विरळ झाले होते. पडवीत उभा राहून त्याने चहाही नको म्हटलं. एक क्षण मला तो लहानपणीचा दादा दिसला, मला सायकल शिकवताना मागे धावणारा. त्याच क्षणी बोलले असते तर बोलले असते.

"पाना आहे का?" त्याने विचारलं.

मी आणून दिला, किल्लीही दिली.

"तू आतून फळी धर. पडून तुटली तर माझं नाव सांगशील गावभर."

"दादा," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. कुलूप जरा घट्ट आहे."

मी माझ्या खोलीत आले, मशीन बंद केलं, वायर काढली आणि दोन्ही हातांनी फळी धरली. पलीकडे कुलूप निघाल्याचा आवाज आला. दादाची पावलं, अण्णांच्या खोलीचं दार, मग त्याचं पुटपुटणं, "काय ही धूळ..."

आणि बोल्ट फिरायला लागला. वरचा उजवा. मग माझ्या डोळ्यांसमोर खालचा डावा. मग उरलेले दोन. चारही एकदम फिरत होते, सावकाश, आणि सुटत नव्हते. आवळले जात होते. प्लायवूड करकरलं, फळी माझ्या हातातून भिंतीकडे ओढली गेली.

"दादा," मी ओरडले, "काढतोयस की आवळतोयस?"

"अजून पाना लावलाच नाहीये मी," पलीकडून तो म्हणाला.

मग दार आपटलं. वारा नव्हता. त्याच्यामागोमाग कडी सरकल्याचा आवाज आला, आणि तो बाहेरच्या बाजूने आला.

"भार्गवी? कडी कशाला घातलीस?"

"मी इथे आहे, दादा. फळी धरून उभी आहे."

मग दार हलवल्याचा आवाज, एकदा, दोनदा, मग जोरात. "उघड गो. चेष्टा करू नकोस. कोण आहे बाहेर? भार्गवी, ये आणि उघड."

"येते," मी म्हटलं.

वळसा घालून जायला कितीसा वेळ लागतो? अंगणातून पडवी, पडवीतून दार. माझे पाय चांगले होते. मी गेले नाही.

त्याने पान्याने भिंत ठोकायला सुरुवात केली. बरोबर त्या पट्ट्याच्या उंचीवर. मी फळीला गाल लावून ऐकत होते. मग ठोकणं मध्येच थांबलं आणि तो वेगळ्याच आवाजात बोलला. तो आवाज मी आम्ही दोघं शाळेत असल्यापासून ऐकला नव्हता.

"मी येणारच होतो," तो म्हणाला. "खरंच येणार होतो, अण्णा."

वरचा डावा बोल्ट सैल झाला आणि पलीकडून कुणीतरी हलकेच ढकलावा तसा बाहेर येऊन माझ्या तळहातात पडला. कोमट होता. त्या भोकातून उजेडाची रेघ आली. मी डोळा लावला.

दादा जमिनीवर बसला होता, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. समोर खाटेचा थोडाच भाग दिसत होता. गुंडाळलेली गादी पसरलेली होती आणि तिच्या काठाला खळगा पडला होता, कुणी बसलं की पडतो तसा. त्याच्यावरचं काही त्या भोकातून दिसत नव्हतं. दादाची हनुवटी हळूहळू वर उचलली गेली. तो ती स्वतः उचलत नव्हता, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं गेलं, त्या लाल पट्ट्याकडे, आणि तिथेच धरून ठेवलं गेलं. बघ म्हणून.

तो बघत होता. त्याने डोळे मिटायचा प्रयत्न केला असावा.

मग भोक काळं झालं. माझ्या डोळ्यासमोर काहीतरी पुढे येत होतं आणि मी मागे झाले. त्या भोकातून एका बोल्टाचं आट्यांचं टोक बाहेर आलं. पलीकडून घातलेला, डोकं तिकडे. टोक माझ्या फळीबाहेर आलं आणि थांबलं.

महिपतने जास्तीचे नट खिडकीत ठेवले होते. मी एक घेतला, त्या टोकावर चढवला आणि बोटांनी जमेल तेवढा फिरवला. मग पक्कड आणून आवळला. पलीकडून मला कुणीतरी नीट धरून दिलं.

फोन वाजला. हेमावहिनी होती.

"हे पोहोचले का गं? फोन उचलत नाहीयेत."

"पोहोचला. अण्णांच्या खोलीत आहे."

"त्या खोलीत?" तिचा आवाज बारीक झाला. "एकटेच?"

"नाही," मी म्हटलं. "एकटा नाहीये."

तिने फोन ठेवला नाही. तेवढ्यात भिंतीवर पुन्हा ठोकणं सुरू झालं, या वेळी पान्याने नाही, हाताने. वहिनीलाही ते ऐकू गेलं असणार. मी खुर्ची ओढली आणि भिंतीला टेकून बसले. मी घरीच होते आणि मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.